मखमली खुर्ची

"मी एकदा खुर्ची झाले होते. पाट नव्हे, स्टूल नव्हे, चांगली हातांची खुर्ची, वरून मखमल. यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, आणि तेच तर या गोष्टीचं मोठेपण आहे."

हे मी म्हटलं तेव्हा ओवीची एक वेणी माझ्या हातात होती आणि दुसऱ्या बाजूचे केस अजून मोकळे होते. शेखरची साठीशांत होती. सकाळी होम झाला, दुपारी पंगती उठल्या, आणि आता ऊन उतरलं की बागेत सगळ्या घरादाराचा फोटो निघणार होता. फोटोवाल्यानं बजावून ठेवलं होतं की संध्याकाळचा उजेड फार वेळ टिकत नाही, मुलं तयार ठेवा. म्हणून शेखरची नातवंडं, ही ओवी आणि तिचा धाकटा भाऊ मल्हार, आम्हा दोघी म्हाताऱ्यांच्या ताब्यात दिली होती. दुसरी म्हातारी म्हणजे कुमुद, शेखरची थोरली बहीण, माझी पुतणी. ती पलंगाच्या कडेला बसून मल्हारच्या कुर्त्याचं निघालेलं बटण टाचत होती आणि मल्हार बनियनवर पलंगभर उड्या मारत होता.

"काहीही हं, काकूआजी!" ओवी म्हणाली. "माणूस खुर्ची कसा होईल?"

"मान हलवू नकोस, भांग वाकडा जाईल. माणूस काय वाटेल ते होतो. तुझे आजोबाच बसले होते माझ्यावर."

"आजोबा? मग तू मोडली नाहीस?"

"तेव्हा ते या उशीएवढे होते."

मल्हारच्या उड्या थांबल्या. मला एवढंच पाहिजे होतं. मी सांगायला सुरुवात केली.

बार्शीला आमचं, म्हणजे माळवद्यांचं, कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या मागं राहतं घर आणि मधे शहाबादी फरशीचं अंगण. माझे यजमान विषमज्वरानं गेले तेव्हा माझा भानू पाळण्यात होता. थोरल्या दिरांना एकच मुलगी, ही कुमुद. अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आता दुसरं मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. दुकानाला वारस पाहिजे होता आणि मला डोक्यावर छप्पर. भानू बोलायला लागला त्या वर्षी श्रावणात दत्तकविधान झालं. भटजींनी सांगितलं तसा मी भानूला उचलून अक्कांच्या मांडीवर ठेवला, हातावरून पाणी सोडलं, आणि भानूचा चंद्रशेखर झाला. नाव बदललं, मांडी बदलली. पोरगं तेवढं तेच राहिलं.

त्या दिवसापासून अक्का त्याची आई आणि मी काकू. त्यानं मला 'आई' अशी हाक मारली तर मी ओ द्यायची नाही, असं ठरलं होतं. मी देत नसे. मग तो आणखी मोठ्यानं हाक मारी. त्याला बिचाऱ्याला वाटायचं, मला ऐकू येईनासं झालंय. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायचा.

"मग तू बहिरी झालीस?" मल्हारनं विचारलं.

"अर्धी झाले. या कानानं अजून मला फक्त गोड बोलणं ऐकू येतं."

दिवाळीच्या आधी दिरांनी फोटो काढायचं ठरवलं. दुकानात गादीच्या वर लावायला. गिऱ्हाइकांनी, आडत्यांनी, नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी बघावं की माळवद्यांच्या गादीला मुलगा आहे. सोलापूरहून फोटोवाले येमूल यायचे होते. त्यांचं काम बिजलीच्या दिव्यावर नव्हतं, उन्हावर होतं. अंगणात पडदा लावायचा, आणि पश्चिमेचा उजेड भिंतीवरून आत आला की त्या तेवढ्या वेळात उरकायचं.

त्या सकाळी मी चुलीशी होते. अक्का न्हाऊन, ओल्या केसांनी येऊन दारात उभ्या राहिल्या.

"भागा," त्या म्हणाल्या, "आज अंगणात चार लोक बघायला असतील."

"हो."

"तो माझ्याजवळ नीट बसला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तू इथंच राहा, तुझं घर आहे. पण तुझ्या नावानं रडला, चारचौघांत, तर मला तुला माढ्याला तुझ्या भावाकडे धाडावं लागेल. तो विसरेपर्यंत."

"विसरायला किती दिवस लागतात, अक्का?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "त्याला झोपवताना तू काय म्हणतेस गं? मी म्हटलं तर तो माझ्या तोंडावर हात ठेवतो."

मी काय म्हणायची ते त्यांना सांगितलं. त्या ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघत परत गेल्या. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. पण आला नाही. आला असता तर दिवस सोपा गेला असता.

आता बघा, पोरांना फोटोसाठी तयार करणं म्हणजे काय असतं. तुमच्यासारखं नाही, फ्रॉक अडकवला आणि पळालं. येमुलांनी आधीच निरोप धाडला होता: लाल काही घालू नका, लाल रंग आमच्या काचेवर काळा उतरतो. कुमुदच्या लाल रिबिनी काढून पांढऱ्या बांधल्या, तर ती तासभर भोकाड पसरून बसली. काजळ दाट घाला, नाहीतर डोळे दिसत नाहीत. पावडर बेतानं लावा, नाहीतर पोर भुतासारखं दिसतं. कुमुदच्या फ्रॉकला इतकी खळ होती की तो तिच्याशिवायही उभा राहिला असता. चुरगळेल म्हणून तिला दुपारपासून बसायला मनाई. ती खांबाला धरून उभी, आणि थोड्या थोड्या वेळानं, "काकू, मला लागलीय." मोरीत नेलं की लागलेली नसायची. तिला नुसतं बसायचं असायचं.

"खोटी आहे ही," कुमुद बटणाचा दोरा दातानं तोडत म्हणाली. "एकदाच गेले होते."

"बरं, एकदा. पण बसलीस बराच वेळ."

भानूचं वेगळं. त्याला मी दुपारी पोटभर मऊ भात भरवला, कारण उपाशी पोर रडतं. मग झोपवला, कारण झोपमोड झालेलं पोर रडतं. तो झोपेत असतानाच त्याची नखं काढली. उठल्यावर कोमट पाण्यानं आंघोळ, काजळ, गालाला तीट. तीट लावायला अक्कांनी मला बोलावलं, मग स्वतःच लावली. जरीची टोपी आणि दुकानातल्या शिंप्यानं शिवलेला कोट शेवटी घालायचा, कारण कोटाची कॉलर त्याच्या गळ्याला टोचायची. कोट घालताना मी त्याला शिकवत होते. "आज तू कुणाच्या मांडीवर बसायचं?"

"तुझ्या."

"अंहं. आईच्या."

"तुझ्या," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या हिशेबात काही चूक नव्हती.

येमूल आले. त्यांचा कॅमेरा म्हणजे हत्तीचं पिल्लू. तीन पायांचं. आणि त्यांच्या मिशा इतक्या लांब की आधी मिशा काळ्या कापडाखाली घालायच्या आणि मग स्वतः शिरायचं.

"येमुलांना मिशी नव्हती," कुमुद म्हणाली.

"तू खांबाला धरून उभी होतीस, तुला काय दिसणार? तर."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं, मला फोटोत उभं करायचा प्रश्नच नव्हता. फटीतून सगळं दिसत होतं. पडद्यावर कारंजं रंगवलेलं. पुढं दोन खुर्च्या, एकीवर दीर, एकीवर अक्का. कुमुद शेजारी. अक्कांनी भानूला मांडीवर घेतलं.

त्यानं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग सगळ्या अंगणभर नजर फिरवली. मग ती दाराच्या फटीपाशी थांबली, आणि त्यानं हाक मारली.

मी ओ दिली नाही.

मग तो असा रडला म्हणता! शेजारच्या गच्चीवर बायका गोळा झाल्या. रस्त्यावरून आडते बाबूराव गांधी, दिरांचे दोस्त, काय झालं म्हणून आत आले. अक्का त्याला थोपटत होत्या, सकाळी शिकलेलं ते म्हणत होत्या, आणि तो त्यांच्या तोंडावर हात दाबत होता. येमूल दोनदा कापडाखाली गेले आणि दोनदा बाहेर आले. "असं केलं तर चालत नाही की, शेठ. पोरगं हललं की काचेवर नुसता धूर उतरतो." दीर सदऱ्याच्या बाह्या मागं-पुढं करत होते. भिंतीची सावली कुमुदच्या पायापर्यंत आलेली. अक्कांनी मान वळवून दाराकडे बघितलं, आणि मला कळलं की माढ्याची तयारी करायला पाहिजे.

तेव्हा येमूल म्हणाले, "याला रोज सांभाळतंय कोण?"

दीर अक्कांकडे बघायला लागले. मग ही कुमुद, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "काकू."

"मग त्यांना बोलवा की! आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालतंय हे. बाईवर कापड टाकायचं, खुर्ची करायची. मांडीवर पोर. पोर गप बसतंय, फोटोत खुर्ची दिसतीय."

"पण त्या फोटोत..." दीर म्हणाले.

"दिसणार नाहीत त्या."

"अजिबात?"

"शेठ, लाल मखमल टाका. काचेवर काळी उतरंल. देवाला सुद्धा कळणार नाही."

"दिसणार नसेल तर हरकत नाही," दीर म्हणाले.

दुकानातनं मखमलीचा तागा आला. अक्का उठल्या, त्यांनी मला त्यांच्याच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारची दुसरी आणवून घेतली. येमुलांनी माझे हात धरून खुर्चीच्या हातांवर ठेवले, पाठ ताठ करायला लावली. "मान मागं घ्या. अजून. हां, आता खुर्ची झाली." मग अक्कांनी मखमल माझ्या डोक्यावरून सोडली. कडा नीट करताना त्यांनी विचारलं, "श्वास घेता येतो का?" मी म्हटलं, "येतो." त्यावर त्यांनी तिथली कड थोडी सैल केली.

"आत कसं होतं?" ओवीनं विचारलं. तिची दुसरी वेणी केव्हाच झाली होती, पण ती हलली नव्हती.

"काळोख. नव्या कापडाचा वास. आणि बाहेर काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं. बाबूराव गांधी म्हणाले, 'अरे वा, खुर्ची रिकामीच आहे की,' आणि आले बसायला."

"आणि बसले?" मल्हार ओरडला.

"बसता बसता राहिले. येमूल ओरडले तेव्हा कुठं. धोतराचा काष्टा माझ्या नाकाला लागून गेला. वजन केवढं त्यांचं! आणि पुन्हा दिरांना विचारतात, 'मालक, ही खुर्ची कुठून घेतली, अशी एक माझ्या गादीला पाहिजे.'"

दोघंही पलंगावर लोळून हसले. मल्हारनं उशीवर मखमल म्हणून टॉवेल टाकला आणि बाबूराव होऊन बसून बघितलं. कुमुदनं त्याला धरून कुर्ता घातला. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मग आजोबा?" ओवी म्हणाली.

मग त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. पहिल्यांदा अंग ताठ केलं त्यानं. मग त्याच्या अंगाला ओळख पटली. कशी पटली ते मी सांगू शकत नाही. मी हलले नव्हते, बोलले नव्हते, मधे एवढी जाड मखमल. पण हुंदके थांबले. पाठ सैल झाली. टोपीसकट डोकं माझ्या छातीवर टेकलं. अंगणातला आवाज एकदम गेला. गच्चीवरची कुणी बाई म्हणाली, "बसला गं बाई."

येमूल म्हणाले, "शाब्बास! आता इकडं बघायचं. चंद्रशेखर, बाळ, इकडं."

तो बघेना.

दीर म्हणाले, "शेखर! शेखर, ए शेखर, समोर बघ." त्याला वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. तो वळून मखमलीत तोंड खुपसायला लागला. मला बोटांनी चाचपत होता. येमूल म्हणाले, "पाठ दिसतीय नुसती. उजेड चालला, शेठ." अक्कांचा श्वास मला ऐकू येत होता, इतक्या त्या जवळ होत्या.

भानूनं कापडाला तोंड लावून विचारलं, हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं, "आई?"

मी म्हटलं, "आई ती. शेजारी बसलीय ती."

"तू?"

"मी खुर्ची आहे."

त्यानं विचार केला. तुम्हाला वाटतं एवढ्याशा पोराला विचार करता येत नाही, पण त्याला आला. त्याच्या पोटऱ्यांवरून कळत होता मला तो विचार. "खुर्ची?" त्यानं विचारलं.

"हो, खुर्ची. शेखर, आईकडे बघ."

ते नाव माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघालं. त्यानं मखमल सोडली आणि मान वळवून अक्कांकडे बघितलं. खरंच हीच का, अशा नजरेनं. अक्का त्याच्याकडे बघून हसल्या, आणि येमूल म्हणाले, "हां. श्वास धरा."

तो फोटो अजून दुकानात आहे, तुम्ही दोघांनी बघितलाय. गादीच्या वर. इतकी वर्षं जो येतो तो म्हणतो, पोरगं आईकडे कसं बघतंय बघा, दत्तक आहे असं वाटतं तरी का?

माझं माढं टळलं. अक्कांनी शब्द पाळला, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मखमल काढली तेव्हा मी घामानं भिजले होते, केस कपाळाला चिकटलेले, आणि हा माझ्या मांडीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. बघितलं, बघितलं, आणि बोट दाखवून म्हणाला, "खुर्ची!"

सगळं अंगण हसलं. दीर हसले, गच्चीवरच्या बायका हसल्या, बाबूराव गांधी तर खोकेपर्यंत हसले. मीही हसले. पुढं कितीतरी दिवस तो मला तेच म्हणायचा. सकाळी उठला की, "खुर्ची, दूध." पडला की, "खुर्ची, लागलं." हळूहळू खुर्चीची काकू झाली, आणि काकू ती काकूच राहिली. परवासुद्धा साठीच्या पत्रिकेत बघा, 'आमच्या आदरणीय काकू' असं छापलंय. चांगल्या जाड कागदावर.

"काकूआजी," ओवी म्हणाली, "पण त्या फोटोत खुर्ची हललेली आहे. आजोबा नीट आलेत, सगळे नीट आलेत, खुर्चीच कडेला पुसट आहे. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जुना फोटो आहे, खराब झाला असेल."

"खराब कशाला होईल?" मी तिच्या वेणीला रिबिन बांधत म्हटलं. "येमूल किती चिडले होते त्याच्यावरून. सगळ्यांनी श्वास धरला आणि खुर्चीनंच धरला नाही! अगं, मला हसू आवरेना. बाबूरावांचा काष्टा आठवला आणि मखमलीखाली मी अशी हसत सुटले, अशी हसत सुटले, की—"

"खोटं," कुमुद म्हणाली.

तिनं मल्हारला सोडलं होतं. मुलं तिच्याकडे बघत होती, आणि ती माझ्याकडे.

"फोटोवाल्यानं मला खुर्चीच्या खांद्यावर हात ठेवून उभं केलं होतं, काकू. शेवटपर्यंत माझा हात तिथं होता. तू हसत नव्हतीस."